दाराआडचा नाताळ, रस्त्यावरचं नवं वर्ष

परदेशात बिऱ्हाड केलं की पहिल्या डिसेंबरात पुण्याहून येणाऱ्या प्रत्येक फोनवर एकच प्रश्न असतो, "सुट्टीत येताय ना?" ऑस्ट्रियातल्या शाळांना २४ डिसेंबर ते ६ जानेवारी नाताळची सुट्टी असते. आमच्या ओळखीतली बहुतेक भारतीय कुटुंबं त्या दिवसांत एक तर भारतात जातात, नाही तर गाडी काढून इटली-स्वित्झर्लंडकडे निघतात. आम्ही दोघं आणि आठ वर्षांची लेक, तिघांनी व्हिएन्नातच राहायचं ठरवलं. शरद ऋतूत इथे आलो तेव्हापासून घराची नोंदणी (नव्या घरात राहायला गेल्यावर ती तीन दिवसांत करावी लागते), शाळा, बँक, विमा यांतच आठवडे गेले होते. शहर नीट पाहिलंच नव्हतं. शिवाय एखादं गाव कळायचं तर त्याच्या सणात तिथे असावं लागतं, असं माझं पक्कं मत आहे. ऐन गणपतीत पुण्याबाहेर राहणाऱ्या माणसाला पुणं किती कळणार?

व्हिएन्नात थंडीच्या आधी अंधार अंगावर येतो. शहर उत्तरेला ४८ अंशांवर. डिसेंबरच्या विशीत सूर्य पावणेआठच्या सुमारास उगवतो आणि चार वाजता मावळतो. मधल्या वेळातही तो दिसेलच असं नाही. कित्येक दिवस आभाळ राखाडी असतं. पारा शून्याच्या आगेमागे घोटाळतो. बर्फ मात्र आपण चित्रांत पाहतो तेवढा शहरात पडत नाही, पडला तरी टिकत नाही. पुण्याहून येताना सगळ्यांनी जाडजूड कोट घ्यायला सांगितलं होतं. इथे कळलं की त्याहून महत्त्वाचे असतात आतले पातळ लोकरी कपडे, एकावर एक घालता आणि काढता येणारे. कारण बाहेर हातपाय गारठले तरी ट्राममध्ये, दुकानात, शाळेत पाऊल टाकताच घाम फुटतो.

घरात उबेची ददात नाही. आमची इमारत जुनी, उंच छताची. खिडक्या दुहेरी, म्हणजे एका खिडकीच्या आत वीतभर अंतर सोडून दुसरी. रस्त्याखालच्या नळांतून गरम पाणी इमारतीपर्यंत येतं आणि त्यावर घरातले रेडिएटर तापतात. शहरातल्या या उष्णतेचा काही भाग कचरा जाळून मिळतो. श्पिटेलाउ इथला कचरा जाळणारा कारखाना १९७१ पासून आहे. १९८७ मध्ये त्याला आग लागली आणि पुन्हा उभारताना चित्रकार हुंडर्टवासर यांनी त्याचं रूपच पालटलं. रंगीत भिंती, मधेच वाकड्या खिडक्या, चिमणीवर चमकता गोळा. भुयारी रेल्वेच्या स्थानकातून बाहेर पडलं की तो समोरच दिसतो. सुट्टीत मुलांना घेऊन कुठे जायचं असा प्रश्न पडला तर मी राजवाड्याआधी हा कारखाना बाहेरून दाखवीन. आपल्या खोलीतली ऊब कुठून येते ते मुलांना कळलं पाहिजे.

नाताळची सुरुवात २५ तारखेला होते असं आपण धरून चालतो. इथे ती चार रविवार आधी होते. सूचिपर्णी डहाळ्यांचं गोल कडं, त्यावर चार मेणबत्त्या, आणि दर रविवारी आणखी एक पेटवायची. हॅम्बुर्गमध्ये गरीब मुलांसाठी आश्रम चालवणाऱ्या योहान हिनरिश विखर्न या पाद्र्याने १८३९ मध्ये हे सुरू केलं. नाताळ किती दिवसांवर आलाय असं मुलं सारखी विचारत म्हणून. आता ऑस्ट्रियातल्या घराघरांत ते कडं असतं. आम्हीही आणलं. दिवस लहान होत जातात आणि टेबलावरचा उजेड वाढत जातो. अंधाराला दिलेलं इतकं साधं, इतकं धीराचं उत्तर मला फार आवडलं.

५ डिसेंबरच्या संध्याकाळी क्राम्पुस येतो. शिंगं, लोंबती जीभ, केसाळ कातडं, हातात साखळ्या आणि फोक. साल्झबुर्ग-टिरोलकडच्या डोंगराळ गावांत त्याच्या मिरवणुका निघतात. व्हिएन्नात तो बहुतेक चॉकलेटच्या रूपात भेटतो. दुसऱ्या दिवशी बिशपची उंच टोपी घातलेला सेंट निकोलस, म्हणजे इथला निकोलो, मुलांना खाऊ देतो. लेक शाळेतून लाल पिशवी नाचवत आली. आत संत्री, अक्रोड आणि चक्क भाजलेल्या भुईमुगाच्या शेंगा. "आई, या तर आपल्या शेंगा!" तिच्या त्या एका वाक्याने आमच्या घरातलं परकेपण बरंच उतरलं.

भेटवस्तू आणणारा मात्र निकोलो नाही आणि सांताक्लॉजही नाही. इथे त्या आणतो ख्रिस्तकिंड, बाळ येशू. मुलं त्याला पत्रं लिहितात. श्टायर शहराजवळ ख्रिस्तकिंडल नावाचं गाव आहे. तिथे १९५० पासून दर हिवाळ्यात नाताळचं खास टपाल कार्यालय उघडतं आणि हजारो पत्रांवर तिथला शिक्का बसतो. ख्रिस्तकिंड कुणाला दिसत नाही. २४ तारखेच्या संध्याकाळी एका खोलीचं दार बंद केलं जातं, आत मोठी माणसं झाड सजवतात, मग घंटी वाजते, दार उघडतं आणि मुलांना मेणबत्त्यांनी उजळलेलं झाड पहिल्यांदा दिसतं. म्हणूनच शहरात झाडांची विक्रीसुद्धा १२ डिसेंबरच्या सुमाराला सुरू होते. व्हिएन्नाचा नाताळ हा असा बंद दाराआडचा सण आहे, आणि नवख्या माणसाने ही गोष्ट आधीच समजून घ्यावी.

दार बंद होण्याआधीचे तीन-चार आठवडे शहर बाजारांत असतं. आल्ब्रेख्ट पहिला या राजाने १२९८ मध्ये व्हिएन्नाला डिसेंबरचा बाजार भरवायची परवानगी दिली, असं इथे अभिमानाने सांगतात. आजचा सगळ्यात मोठा बाजार राटहाउस, म्हणजे महापालिकेच्या इमारतीसमोर १९७५ पासून भरतो. तो एकदा जरूर पाहावा, शक्यतो आठवड्याच्या मधल्या दिवशी, दिवेलागणीला. शनिवारी तिथे पाय ठेवायला जागा नसते. माझं मन रमलं ते कार्ल्सकिर्खसमोरच्या बाजारात. तिथे बहुतेक कारागीर स्वतः बनवलेल्या वस्तू घेऊन बसतात, आणि चर्चपुढचा उथळ तलाव रिकामा करून त्यात पेंढा भरतात. मुलं त्या पेंढ्यात तासन्‌तास लोळतात आणि आईबापांना गरम पेय हातात घेऊन उभं राहता येतं. श्पिटेलबेर्गच्या अरुंद गल्ल्यांतला बाजारही देखणा आहे, पण बाबागाडी घेऊन तिथे जाऊ नये.

पेय म्हणजे मसाले घातलेली गरम वाइन किंवा पंच. मुलांसाठी फळांच्या रसाचा बिनदारूचा पंच मिळतो. मागताना तसं स्पष्ट सांगावं. मगासाठी अनामत घेतात, मग परत केला की पैसे परत. शाकाहारी माणसाचं अडत नाही. बटाट्याचे खरपूस थालीपीठवजा पदार्थ असतात, लसूण लावलेला तळलेला लांगोश असतो, कागदाच्या पुडीत भाजलेले गरम चेस्टनट असतात. आणि गेर्मक्नोडेल हवाच: आंबवलेल्या पिठाचा वाफवलेला मोठा गोळा, आत आलुबुखाराचं घट्ट सारण, वर वितळलेलं लोणी, पिठीसाखर आणि वाटलेली काळी खसखस. अनारशांवर वाढलेल्या माणसाला खसखशीची ही उधळण जवळची वाटते.

बाजारातल्या स्टॉलवर काचेचे गोळे असतात, हलवले की आत बर्फ भुरभुरणारे. ते व्हिएन्नाचंच अपत्य. शस्त्रक्रियेची उपकरणं बनवणारा एर्विन पेर्त्सी १९०० च्या सुमारास डॉक्टरांसाठी दिव्याचा उजेड वाढवायची खटपट करत होता. पाण्याने भरलेल्या काचेच्या गोळ्यात उजेड परावर्तित करायला त्याने रवा टाकून पाहिला. दिवा काही जमला नाही, पण रवा पाण्यात संथपणे खाली येताना त्याला बर्फ दिसला. हेर्नाल्स भागात त्याच्या कुटुंबाचा कारखाना अजून चालू आहे, शेजारी छोटं संग्रहालय आहे. सुट्टीतली एक दुपार तिकडे काढावी.

आता बंद दाराकडे. २४ डिसेंबरला दुकानं फार तर दुपारी दोनपर्यंत उघडी असतात. २५ आणि २६ ला ती सगळी बंद. दोन्हींना लागून रविवार आला तर आणखी एक दिवस, कारण रविवारी इथे किराणा मालाचं दुकान उघडत नाही; मोठ्या रेल्वे स्थानकांतली मोजकी दुकानं तेवढी अपवाद. तेव्हा दूध, भाजी, पाव, तापाचं औषध सगळं २३ लाच घरात हवं. कणीक, डाळी, कोथिंबीर आणायची तर त्याच्याही आधी, भारतीय-आशियाई दुकानं जिथे आहेत त्या नाशमार्कटच्या बाजूला चक्कर मारलेली बरी.

दुकानांचं सांभाळून घेता येतं, शांततेची मात्र कल्पना नसते. २४ ला अंधार पडला की व्हिएन्नाचे रस्ते रिकामे होतात. ट्राम कमी होतात, उपाहारगृहं मिटतात. प्रत्येक खिडकीत उजेड आणि रस्त्यावर चिटपाखरू नाही. दिवाळीच्या संध्याकाळी शेजारपाजारी ताटं फिरलेली पाहिलेल्या माणसाला हे जड जातं. आपल्याला कुणी बोलावलं नाही, ही बोच लागते. ती लावून घेऊ नये. ही संध्याकाळ इथे आईवडील, आजीआजोबा आणि मुलांची असते. वर्षानुवर्षांचे मित्रही एकमेकांकडे जात नाहीत. आमच्या वरच्या मजल्यावरच्या आजींनी आदल्या दिवशीच दारावर टकटक करून व्हॅनिलाच्या चंद्रकोरी बिस्किटांचा डबा दिला होता. "उद्या माझी मुलगी येतेय, म्हणून आज," एवढंच म्हणाल्या. त्यांच्या रीतीत ते आमंत्रणाइतकंच आपुलकीचं होतं.

त्या दिवशीही परक्यासाठी काही दारं उघडी असतात. पहिलं म्हणजे शांतीची ज्योत. ऑस्ट्रियाच्या आकाशवाणीने १९८६ मध्ये हा उपक्रम सुरू केला. बेथलेहेमला येशूच्या जन्मस्थानी पेटवलेली ज्योत विमानाने इथे आणतात, आणि २४ तारखेला ती चर्चांत, रेल्वे स्थानकांत, अग्निशमन केंद्रांत वाटली जाते. कंदील घेऊन कुणीही जावं. धर्म, देश, नाव कुणी विचारत नाही. आम्ही दिवाळीतला आकाशकंदील नव्हे, पण पितळी झाकणाचा छोटा कंदील नेला. परतताना ट्राममध्ये आणखी दोघांकडे तशीच ज्योत होती, आणि तेवढ्या ओळखीवर त्या अबोल शहरात गप्पा झाल्या.

दुसरं दार मध्यरात्रीच्या प्रार्थनेचं. श्टेफान्सडोम या शहराच्या मुख्य चर्चमध्ये फार गर्दी होते, म्हणून आम्ही जवळच्या छोट्या चर्चमध्ये मागच्या बाकावर बसलो. शेवटी दिवे मालवले आणि सगळ्यांनी 'श्टिल्ल नाख्ट' म्हटलं. साल्झबुर्गजवळच्या ओबर्नडोर्फ गावात १८१८ च्या २४ डिसेंबरला ते पहिल्यांदा गायलं गेलं. शब्द योझेफ मोर या तरुण पाद्र्याचे, चाल फ्रान्झ ग्रुबर या शिक्षकाची. जगभर ते नोव्हेंबरापासून दुकानांत वाजतं. इथली जुनी माणसं ते या रात्रीखेरीज म्हणत नाहीत. ती रात्र राखून ठेवल्यामुळे त्या गाण्याला केवढं वजन येतं, ते तिथे बसल्यावरच समजतं.

तिसरं दार आपणच उघडायचं. आमच्यासारखेच मागे राहिलेले लोक शोधले, तर नागपूरचा एक विद्यार्थी, नेपाळचं एक जोडपं आणि लेकीच्या वर्गातल्या एका इराणी मुलीचं कुटुंब मिळालं. मसालेभात, मठ्ठा, त्यांचा केशरी भात, वरच्या आजींची बिस्किटं. नव्या शहरात सुट्टी काढणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगेन: २४ चं जेवण पंधरा दिवस आधी ठरवा आणि एकट्या राहणाऱ्याला आवर्जून बोलवा.

२५ आणि २६ हे कॉफीहाउसचे आणि संग्रहालयांचे दिवस. एका कॉफीवर दोन तास बसलं तरी वेटर बिल आणून ठेवत नाही. कॉफीबरोबर पाण्याचा पेला येतो आणि लाकडी दांडीला लावलेली वर्तमानपत्रं वाचायला मिळतात. कला-इतिहास संग्रहालयात ब्रुगेलचं १५६५ मधलं 'बर्फातले शिकारी' आहे. दमलेली माणसं, त्यांच्यामागे मान खाली घातलेली कुत्री, खाली गोठलेल्या तळ्यावर खेळणारी मुलं. हे चित्र मी पूर्वी पुस्तकात पाहिलं होतं. पण गारठलेल्या पायांनी त्याच्यासमोर उभं राहिल्यावर त्यातली हिरवट-करडी हवा ओळखीची वाटली. बाहेर तशीच होती.

मग २७ पासून शहर कूस बदलतं. रस्तोरस्ती टपऱ्या लागतात आणि त्यांवर बदामाच्या गोळ्याची गुलाबी डुकरं, चारपानी क्लोव्हर, लाल किडे, शिडी घेतलेले धुराडं साफ करणारे. ही सगळी शुभचिन्हं. वर्ष संपताना ती ओळखीच्या-अनोळखी सगळ्यांना द्यायची असतात. शाळेचा शिपाई, बेकरीतली बाई, ट्रामची वाट पाहणारे आजोबा, कुणालाही. २४ ला जे शहर कुणाला आत घेत नाही, तेच ३१ ला कुणालाच बाहेर ठेवत नाही.

३१ च्या दुपारी ग्राबेन या जुन्या हमरस्त्यावर नृत्यशाळांचे शिक्षक येणाऱ्याजाणाऱ्याला वॉल्ट्झ शिकवतात, फुकट. जाड बूट, कोट, हातमोजे घालून शेकडो माणसं एक-दोन-तीन, एक-दोन-तीन करत गिरक्या घेतात. लेकीने बाबाला ओढून नेलं आणि मग मलाही. संध्याकाळी ऑपेरात योहान श्ट्राउसची 'फ्लेडरमाउस' होते, दरवर्षी, याच रात्री. आमच्याकडे तिकिटं नव्हती, त्यामुळे घरी मसुराची आमटी केली. नव्या वर्षात पैसा यावा म्हणून इथेही मसूर खातात. पूर्वी शिसं वितळवून पाण्यात ओतत आणि त्याच्या आकारावरून भविष्य सांगत. शिसं विषारी म्हणून २०१८ मध्ये त्या संचांच्या विक्रीवर बंदी आली, तेव्हापासून मेण किंवा कथील.

रात्री साडेअकराला श्टेफान्सडोमच्या दिशेने निघालो. भुयारी रेल्वे त्या रात्री बंद होत नाही, हे मुलांबरोबर जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. चौकाच्या अगदी मध्यात न जाता एखाद्या बाजूच्या गल्लीच्या तोंडाशी थांबावं, आणि फटाक्यांसाठी मुलांच्या कानांवर काहीतरी असावं. बाराच्या ठोक्याला पुम्मरिन वाजते. वीस टनांची घंटा. पहिली पुम्मरिन १७११ मध्ये तुर्कांच्या वेढ्यानंतर हाती लागलेल्या तोफा वितळवून ओतली होती. एप्रिल १९४५ मध्ये चर्चला लागलेल्या आगीत ती कोसळून फुटली. तिचेच तुकडे वापरून नवी घंटा १९५१ मध्ये ओतली आणि पुढच्या वर्षी व्हिएन्नात आणली. एरवी ती वर्षातून मोजक्याच प्रसंगी वाजते. तो आवाज कानाआधी छातीत जाणवतो. घंटा थांबते न थांबते तोच 'निळी डॅन्यूब' सुरू होते आणि अख्खा चौक नाचू लागतो. दुपारी शिकलेल्या तीन पावलांवर आम्हीही नाचलो. एका अनोळखी म्हाताऱ्या जोडप्याने लेकीच्या हातात बदामाचं डुक्कर ठेवलं.

१ जानेवारीला सकाळी सव्वाअकराला म्युझिकफेरआइनच्या सोनेरी सभागृहात व्हिएन्ना फिलहार्मोनिकची मैफल असते. ती पहिल्यांदा झाली १९३९ च्या ३१ डिसेंबरला, नाझी राजवटीत, आणि तिचं उत्पन्न त्या राजवटीच्या युद्धनिधीला गेलं. हा इतिहासही माहीत असावा. आज ती नव्वदहून जास्त देशांत दिसते. टीव्हीसमोर बसून मी लेकीला सांगितलं की याच मंचावर आपल्या मुंबईत जन्मलेल्या झुबिन मेहतांनी पाच वेळा ही मैफल चालवली आहे, १९९० मध्ये पहिल्यांदा, २०१५ मध्ये पाचव्यांदा. १९५४ मध्ये अठराव्या वर्षी ते हान्स स्वारोव्स्कींकडे वाद्यवृंद-संचालन शिकायला या शहरात आले. थोर संचालकांच्या तालमी आतून पाहता याव्यात म्हणून ते आणि त्यांचे सहाध्यायी क्लाउदिओ आबादो, दोघंही गायकवृंदात दाखल झाले. परक्या शहराच्या आत शिरण्याची किती सुरेख वाट ही! मागच्या रांगेत उभं राहून गायचं, आणि पाहत राहायचं.

६ जानेवारीच्या सुमारास मुकुट घातलेली मुलं दारी येतात. तीन राजांचा वेष, हातात तारा. १९५४ पासून कॅथलिक मुलांची संघटना ही फेरी काढते. जमलेले पैसे आफ्रिका, आशिया, लॅटिन अमेरिकेतल्या कामांना जातात. गाणं म्हणून त्यांनी आमच्या चौकटीवर खडूने नव्या सालाचे आकडे आणि त्यांच्या मधे सी, एम, बी ही तीन लॅटिन अक्षरं लिहिली, घराला आशीर्वाद म्हणून. मी त्यांना लाडू दिले. तो खडू वर्षभर पुसायचा नसतो. त्याच आठवड्यात लोक आपापली झाडं ठरलेल्या जागी आणून टाकतात. महापालिका ती गोळा करते आणि त्यांपासून वीज आणि उष्णता मिळवते.

संक्रांतीला मी वरच्या आजींकडे तिळगूळ घेऊन गेले. त्यांनी मला बसवून घेतलं, कॉफी केली आणि पुढच्या वर्षाची तयारी आत्ताच सुरू करा म्हणून सांगितलं: नववर्षाच्या मैफलीची तिकिटं सोडतीने मिळतात आणि नोंदणी फेब्रुवारीत असते. त्या स्वतः कित्येक वर्षं अर्ज भरताहेत. आम्हीही भरणार आहोत. आणि नंबर लागला नाही तर ३१ ला आजी ग्राबेनवर येणार आहेत, लेकीला डावीकडची गिरकी शिकवायला.